कार्ड कुठलं घेऊ? आधी वायर कुठून येते ते सांगा

गेल्या महिन्यात मी मिक्सरच्या कार्बन ब्रशबद्दल लिहिलं आणि पत्रं आली टीव्हीबद्दल. त्यातली चार आपल्या नाशकातलीच, आणि चारही फिरून एकाच जागी येणारी: कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचा आहे, जमलं तर रेकॉर्ड करायचं आहे, काय घेऊ? पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं, त्यांचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सात ते दहा माझ्या ताब्यात नसतो, कारण सांगायला नको. मुलगा पुण्याला असतो, त्याचा कॉम्प्युटर आणि बावीस इंची मॉनिटर माझ्या खोलीत आहे. कपाटात त्याने २००६ साली घेतलेलं टीव्ही ट्यूनर कार्डही सापडलं, रिमोटसकट. ते बसवून घ्यावं की नवीन आणावं? ऑनलाइन यूएसबीचं कार्ड स्वस्तात दिसतं, सोबत टाचणीएवढा अँटेनाही देतात. मला क्रिकेट आणि बातम्या बघायच्या आहेत. सह्याद्रीवरचे गाण्याचे कार्यक्रम मात्र जपून ठेवायचे आहेत. घरी केबल आहे.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: गुरुजी, नमस्कार. कार्डाचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या खिडकीतून जी काळी वायर आत येते तिच्याकडे बघू. मी ही कार्डं विकायचो तेव्हा गिऱ्हाईक खोक्यावरचं चित्र बघायचं, रिमोट आहे का बघायचं, मी मात्र पहिला प्रश्न विचारायचो तो वायरीचा. तिच्यातून काय येतंय त्यावर सगळं ठरतं, आणि हे कार्डाच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

२००६ साली नाशकातली केबल ॲनालॉग होती. एका वायरीत सगळ्या वाहिन्या, प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि सगळ्या उघड्या. टीव्हीच्या मागे पिन खुपसली की चित्र हजर. ट्यूनर कार्ड म्हणजे टीव्हीच्या पोटातला तेवढाच भाग, काच आणि खोका वगळून. टीव्हीला जे दिसायचं ते कार्डाला दिसायचं. मग केबल डिजिटल करायचा कायदा झाला. पहिल्या टप्प्यात चार महानगरं, दुसऱ्या टप्प्यात अडतीस शहरं, आणि त्या अडतिसांत आपलं नाशिक. मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हा दारोदार सेटटॉप बॉक्स वाटले गेले ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर वायर तीच राहिली, पण आतला माल कुलूपबंद झाला आणि किल्ली बॉक्समध्ये गेली.

आता तुमचं जुनं कार्ड त्या वायरीला लावलंत तर ते इमानेइतबारे सगळ्या वाहिन्यांच्या जागा धुंडाळेल आणि सगळीकडे मुंग्या दाखवेल. कार्ड बिघडलेलं नसेल. आयुष्यभर पोस्टकार्डं वाचलेल्या माणसाच्या हातात सीलबंद पाकीट दिलं तर तो तरी काय करणार! घरी केबलऐवजी डीटीएच असतं तरी हेच सांगितलं असतं. तिथेही कुलूप आहे, फक्त ते छतावरच्या छत्रीतून येतं.

म्हणून ऑनलाइन दिसणारं ते स्वस्त यूएसबी कार्डही तुमच्या केबलवर चालणार नाही. त्या टाचणीएवढ्या अँटेनाबद्दल खाली पंचवटीच्या पत्रात लिहिलं आहे, ते वाचा आणि पैसे खिशात ठेवा.

जुनं कार्ड मात्र एकदा हातात घ्या. एका टोकाला चकचकीत पत्र्याची डबी दिसेल, साधारण काडेपेटीएवढी. तीच ट्यूनर, केबलची पिन तिच्यात जाते. तिच्या शेजारी एक-दोन छोटी भोकं असतील, त्यातलं एक पिवळं किंवा चार किंवा सात पिनांच्या गोल सॉकेटचं. मधल्या चौकोनी काळ्या चिपवर बारीक अक्षरांत ८७८ हा आकडा दिसला तर तो माझा जुना दोस्त समजा. एम. जी. रोडला भागीदारीत माझा गाळा होता, आणि तिथून गेलेल्या कार्डांत ही चिप सर्रास असायची. खोकी निरनिराळी, कंपन्या निरनिराळ्या, आत तीच. गिऱ्हाईक दोन खोकी दोन हातांत धरून 'यातलं चांगलं कुठलं' विचारायचं तेव्हा मी 'ज्याचा रिमोट मजबूत आहे ते' असं सांगायचो. थट्टा नव्हती ती.

त्या कार्डांची एक खोड होती. चित्र कार्डातून थेट कॉम्प्युटरमध्ये जायचं, पण बऱ्याच कार्डांत आवाज जायचा नाही. तो कार्डाच्या एका भोकातून बाहेर काढून वीतभर वायरीने साउंड कार्डाच्या निळ्या भोकात घालावा लागे. वायर खोक्यातच असायची. लोक ती जादा समजून फेकून द्यायचे, नाहीतर हिरव्या भोकात घालायचे, कारण स्पीकर हिरव्यात जातो हे प्रत्येकाला ठाऊक. 'चित्र येतंय, आवाज नाही' हा फोन आला की मी पलीकडून विचारायचो, 'निळ्यात का हिरव्यात?' एकदा भर पावसात स्कूटरवर मखमलाबादला गेलो आणि काम काय केलं, तर हिरव्यातली वायर निळ्यात घातली. पैसे मागायला जीभ रेटेना. चहा घेतला, वर कांदाभजी घेतली, निघालो.

दुसरा प्रकार होता बाहेरच्या डब्याचा. मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसायचा, कॉम्प्युटर बंद ठेवूनही टीव्ही दिसायचा. दिवाळीत तो धडाधड खपायचा आणि दिवाळीनंतर निम्मे परत यायचे, कारण त्यात रेकॉर्डिंग होतच नसे. चित्र कॉम्प्युटरच्या आत जातच नाही तर साठवणार कुठे? हे विकताना सांगितलेलं असायचं, पण ऐकतो कोण.

रेकॉर्डिंगमध्ये माझीही एक फजिती आहे. २४ सप्टेंबर २००७, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत, जोहान्सबर्गला, समोर पाकिस्तान. गाळा बंद करता येत नव्हता, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावून गेलो. डीव्हीडीच्या दर्जाचं, सेकंदाला ६ मेगाबिट. मला काय घाई? मी रात्री शांतपणे बघणार होतो. पण शेवटच्या षटकांत रस्त्यावरची रहदारीच थांबली, तेव्हा राहवेना. शेजारच्या पानटपरीवर चौदा इंची टीव्हीसमोर वीसेक माणसांत मान उंच करून उभा राहिलो. जोगिंदर शर्माची ओव्हर, मिसबाहचा तो मागे उचललेला फटका, श्रीशांतचा झेल, पाच धावांनी विजय. सगळं बघितलं, पण अर्धं टपरीवाल्याच्या डोक्याआडून. म्हटलं, घरी जाऊन नीट बघू.

घरी फाइल उघडली. भारताचे १५७ झाले, जाहिराती लागल्या, आणि चित्र संपलं. डिस्कवर जागा होती, वीज गेलेली नव्हती. डोकं खाजवत बसलो तेव्हा फाइलचा आकार दिसला: चार जीबी, एक केबीसुद्धा पुढे नाही. त्या पार्टिशनचं फॉर्मॅटिंग फॅट-३२ होतं आणि त्यात एका फाइलला चार जीबीच्या वर जाताच येत नाही. ६ मेगाबिटने तासाला २.७ जीबी भरतात, म्हणजे दीड तासात गाडी फाटकाशी येऊन थांबणार. शाळकरी पोराचा गुणाकार, आणि मी रोज दुसऱ्यांच्या डिस्का फॉर्मॅट करणारा! गुरुजी, तुम्ही काहीही घ्या, पण ज्या डिस्कवर गाणी साठवणार ती एनटीएफएस किंवा एक्स-फॅट आहे ना, ते आधी बघा. दुकानातला पेनड्राइव्ह अजूनही पुष्कळदा फॅट-३२ मध्येच येतो.

आता तुमच्या खोलीकडे येतो. तुमच्या पत्रात दोन कामं एकत्र बांधली आहेत: बघणं आणि जपणं. ती सोडवून वेगळी करा, खर्च कमी होईल.

बघण्यासाठी तुम्हाला कॉम्प्युटर लागतच नाही. केबलवाल्याकडून खोलीपुरता दुसरा बॉक्स घ्या. मॉनिटरच्या मागे एचडीएमआयचं चपटं भोक असेल तर बॉक्स थेट त्यात जोडा. मॉनिटरला स्पीकर नसतील तर बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतून आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरांना द्या. मागे फक्त निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए भोक असेल तर ज्याच्यामुळे गिऱ्हाइकांनी मला शिव्या दिल्या तो बाहेरचा डबा इथे कामाला येतो, कारण त्याला पिवळी पिन घेता येते. जुन्या मालाच्या दुकानात धूळ खात पडलेला असतो. चित्र एचडी येणार नाही, पण बावीस इंचांवर धावफलक वाचता येईल.

जपण्यासाठी बॉक्समधून कॉम्प्युटरमध्ये चित्र न्यायला हवं. एचडीएमआयमधून ते होणार नाही. त्यात नक्कल रोखणारं कुलूप असतं आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता काळा पडदा येतो. ते कुलूप फोडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना घ्या. त्यांच्यापुढे यूएसबीचं कॅप्चर यंत्र लागतं, अंगठ्याएवढं. दुकानात 'ईझीकॅप द्या' म्हटलं की काउंटरवर येतं, मग त्यावर नाव कुठलंही असो. त्याला ट्यूनर नसतो आणि तुम्हाला तो नकोच आहे, कारण वाहिनी निवडायचं काम बॉक्स करतोय.

ते घेताना दुकानातच लॅपटॉपला लावून दाखवा म्हणा. मी तीन गोष्टी बघतो. आवाज त्याच यूएसबीतून येतो की पुन्हा निळ्या भोकाची भानगड आहे? ड्रायव्हरची सीडी न घालता विंडोजला ते वेबकॅमसारखं दिसतं का? सीडी लागली की ते दोन वर्षांनी मेलं समजा. आणि चित्र ७२० बाय ५७६ मिळतं का? आपल्याकडची पद्धत पाल, तिच्यात दिसणाऱ्या रेषा ५७६, सेकंदाला २५ चित्रं. यंत्र पुष्कळदा अमेरिकी एनटीएससीवर लावलेलं असतं. मग चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वरखाली पळतं, आणि माणूस यंत्र खराब म्हणून परत करतो. सेटिंगमध्ये पाल-बी करा, गाणारीच्या साडीला रंग येईल.

रेकॉर्ड करायला ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात डीइंटरलेस चालू करा, नाहीतर तबलजीच्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतील. फाइल एमपी-४ नको, एमकेव्ही ठेवा. मधेच वीज गेली तर एमपी-४ फाइल अख्खी वाया जाऊ शकते, एमकेव्हीमध्ये गेल्या क्षणापर्यंतचं शाबूत राहतं. इंदिरानगरात वीज कधी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवतो: कॉम्प्युटरला वेळ लावून देता येते, पण बॉक्सला त्याचा पत्ता नसतो. बॉक्स सह्याद्रीवर हवा आणि चालू हवा. तो स्टँडबायला गेला तर तासभराची काळी फाइल मिळेल, अगदी उत्तम दर्जाची.

चित्रावरून एक फिकट आडवा पट्टा सावकाश वर सरकताना दिसला, किंवा वायरीच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर यंत्राला दोष देऊ नका. खोलीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनला बघायला लावा. केबलच्या वायरीचं आवरण आणि कॉम्प्युटरचा पत्रा यांच्यात फरक पडला की हे होतं. जुन्या गावठाणातल्या वाड्यांत मी हे इतक्यांदा बघितलं आहे की तिवंध्याच्या बाजूला जाताना पिशवीत टेस्टर आधी टाकायचो.

जुनं कार्डच बसवायचा हट्ट असेल तर कॅबिनेट उघडून बघा. त्याला लांब, बहुधा पांढरट रंगाची पीसीआय खाच लागते. आताच्या बोर्डांवर ती नसते. असली तरी विंडोज १० ला त्या कार्डांचे ड्रायव्हर सहसा मिळत नाहीत. लिनक्समध्ये ८७८ चा ड्रायव्हर आहे, पण गुरुजी, तुम्हाला गाणी ऐकायची आहेत की लिनक्स शिकायचं आहे? माझं ऐका, ते कार्ड मुलाला परत द्या.

पैसे खर्च करण्याआधी अजून एक. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप २०२४ च्या नोव्हेंबरात आलं आहे, त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या इंटरनेटवरून थेट बघता येतात. घरी इंटरनेट बरं असेल तर निदान बघण्यापुरतं ते आधी करून बघा.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगला आहे, कॉलेज रोडला पेइंग गेस्ट राहतो. घरमालकांच्या गच्चीवर फ्री डिशची छत्री आहे. लॅपटॉपला लावायचं यूएसबी एस-टू कार्ड घेतलं तर बॉक्सशिवाय टीव्ही दिसेल का? रेकॉर्डिंगही हवं आहे.
— एक विद्यार्थी

उत्तर: दिसेल. एस-टू म्हणजे छत्रीवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण घेणारं कार्ड. कार्ड घेऊन खरोखर टीव्ही बघता येईल असं या महिन्याचं तुझं एकट्याचंच पत्र आहे. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि तिच्यातल्या पुष्कळ वाहिन्यांना कुलूप नाही. सगळ्याच दिसतील असं मात्र धरून चालू नकोस.

उपग्रह आहे जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. म्हणजे नाशकातून छत्रीचं तोंड आग्नेयेला हवं, आणि आकाशात अर्ध्याहून थोडं वर. मालकांची छत्री लागलेलीच आहे, तिला हात लावू नकोस. तिच्या तोंडाशी जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा, असतो त्याला वीज खालून, वायरीतूनच द्यावी लागते: एका प्रकारच्या वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यांसाठी १८. हे कार्डाने करायचं असतं. लॅपटॉपची यूएसबी ५ व्होल्टची, तिच्या जिवावर हे निभत नाही, म्हणून ज्या कार्डाबरोबर वेगळा अडॅप्टर येतो तेच घे. अडॅप्टर नाही, 'फक्त यूएसबीवर चालतं' असं कोणी म्हणालं तर छत्रीला लावून दाखव म्हणावं.

मालकांच्या वायरीला साधा स्प्लिटर लावून अर्धी वायर आपल्याकडे ओढायचा विचार तुझ्या डोक्यात आला असणारच. करू नकोस. मालकांचा बॉक्स १३ मागतोय आणि तुझं कार्ड १८ देतंय, असं झालं की दोघांपैकी एकाच्या वाहिन्या गायब. आणि त्या तुझ्या गेल्या तर काही नाही, मालकीणबाईंच्या गेल्या तर खोली सोडावी लागेल. दोन तोंडांचा एलएनबी मिळतो, तो बसवून तुझी वायर स्वतंत्र खाली आण.

मजा पुढे आहे. वरून येतं तेच मुळी डिजिटल. कार्ड ते नव्याने भरडत बसत नाही, जसंच्या तसं डिस्कवर उतरवतं. दर्जा तसूभर उतरत नाही आणि दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही धापा टाकत नाही. वाहिनी ३ मेगाबिटची असेल तर तासाला सुमारे सव्वा-दीड जीबी. शिवाय एका फ्रिक्वेन्सीवर बऱ्याच वाहिन्या एकत्र बांधून येतात, त्या गाठोड्यातल्या दोन-तीन एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. लिनक्स वापरत असशील तर टीव्हीहेडएंड हे बघण्या-रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लाव, पण कार्डातल्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे का ते आधी बघ, मग पैसे दे. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन होतील. हा कार्डाचा दोष नाही, त्या फ्रिक्वेन्सीला पाऊस सोसत नाही. आणि वीज कडाडायला लागली की वायर लॅपटॉपमधून काढून ठेव, ती थेट गच्चीवरच्या लोखंडाला जोडलेली आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर खरं सांगतो: असं कार्ड स्वस्त नसतं. फ्री डिशचा बॉक्स त्याच्या मानाने किरकोळीत येतो, आणि त्यातल्या कितीतरी बॉक्सांना पुढे यूएसबीचं भोक असतं. पेनड्राइव्ह खोचला, रिमोटवरचं लाल बटण दाबलं, की रेकॉर्डिंग सुरू. ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये बहुतेक वेळा चालते. आधी मालकांच्या बॉक्सला भोक आहे का ते बघून ये. इंदिरानगरच्या गुरुजींनीही हा परिच्छेद वाचावा. गच्चीवर छत्रीला जागा असेल तर सह्याद्रीसाठी मी वरच्या सगळ्या पिवळ्या पिनांपेक्षा हाच रस्ता धरीन.

प्रश्न: माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, १९९२ ची. एका दुकानातून ती कॉम्प्युटरवर करून आणली, पण चित्र उड्या मारतं आणि तळाशी फाटल्यासारखी पट्टी दिसते. दिरांकडे चालू व्हीसीआर आहे. घरीच पुन्हा करता येईल का? टीव्ही कार्ड लागेल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: ताई, येईल. गुरुजींना सांगितलं तेच पिवळ्या पिनेचं कॅप्चर यंत्र पुरेल. व्हीसीआरच्या 'आउट'मधून पिना काढा, 'इन'मधून नव्हे.

तळाची पट्टी हा दोष नाही. व्हीसीआरमध्ये फिरत्या डोक्यावर दोन हेड असतात. एकाचं वाचून झालं की दुसरं सुरू होतं, त्या सांध्याची ती खूण आहे. ती १९९२ मध्येही होती. जुना टीव्ही चित्राची कड काचेच्या चौकटीआड ढकलायचा म्हणून तुम्हाला कधी दिसली नाही. तेवढ्या रेषा नंतर कापून टाकता येतात.

उड्यांचं कारण बहुधा ट्रॅकिंग. कॅसेट सुरू झाल्यावर व्हीसीआरवरची ट्रॅकिंगची बटणं दाबत चित्र स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं. दुकानात दिवसाला ढीगभर कॅसेटी लागतात, तिथे कोण थांबणार. तुम्ही थांबा. पण त्याआधी कॅसेटची पुढची झडप उचलून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का ते उजेडात बघा. ती बुरशी असते. दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. फीत खराब होईल आणि दिरांचं मशीनही. नसेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, बरीच वर्षं एकाच जागी बसलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरचं हेड साफ करून घ्या, मगच रेकॉर्डिंग.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. ७२० बाय ५७६ च्या वर जाऊ नका. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा, मोठ्या आकारात फाइल फुगेल, नवरदेवाचा चेहरा काही जास्त स्पष्ट होणार नाही. आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका, नाहीतर मंगलाष्टकं पुढे जातील आणि अक्षता मागून पडतील.

प्रश्न: ऑनलाइन यूएसबी टीव्ही स्टिक मागवली. छोटा अँटेना आहे, डीव्हीबी-टी लिहिलंय. गच्चीवर नेऊन बघितली, एकही वाहिनी सापडत नाही. मुंग्यासुद्धा येत नाहीत. विकणारा परत घेत नाही.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: मुंग्या ॲनालॉगला यायच्या. डिजिटलमध्ये एक तर चित्र येतं, नाहीतर काहीच नाही. तुमची स्टिक जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण शोधते आहे. दूरदर्शनने तसं प्रक्षेपण २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू केलं. त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ही होती, नाशिक नव्हतं. शिवाय ते टी-टू पद्धतीचं, आणि तुमच्या स्टिकवर नुसतं टी लिहिलंय, म्हणजे ती मुंबईला नेली तरी उपयोग नाही. अँटेना गच्चीवर न्या नाहीतर रामशेज किल्ल्यावर न्या, सारखंच.

पण स्टिक उघडून बघा, चिमट्याने खोका सहज निघतो. आतल्या मोठ्या चिपवर आरटीएल २८३२ असं काही दिसलं तर ती फेकू नका. ही चिप नुसत्या टीव्हीपुरती नसून चांगला रेडिओ होऊ शकते हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून जगभर लोक या स्वस्त स्टिका रेडिओ ऐकायलाच घेतात. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. एफएमचा अख्खा पट्टा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पसरलेला दिसतो, प्रत्येक स्टेशनाचा एक सुळका. उंच सुळक्यावर माउसने टिचकी मारा, आपलं आकाशवाणीचं नाशिक केंद्र लागेल. तो टाचणीचा अँटेना मात्र बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी साधी पाऊण मीटर वायर लावून खिडकीबाहेर सोडा.